फोनच्या तारेवरचं नेट अडखळतंय? आधी लाइन ऐका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडं, पावसानं जोर धरला की फोनमध्ये खरखर सुरू होते आणि मॉडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या नेटचा, दिवा लुकलुकायला लागतो. निपाणी-चिकोडीकडं तेवढा पाऊस नाही, पण मळ्यातली वस्ती एक्स्चेंजपासून चार-चार किलोमीटर लांब. तिथं नेट येतं, पण रखडत. दोन्हीकडं सल्ला एकच मिळतो: मॉडेम बंद करून चालू करा. एकदा करून बघायला हरकत नाही. तासाभरात पुन्हा तेच झालं तर मात्र बटण दाबत बसू नका. दोष बाहेरच्या तारेत आहे, घरातल्या वायरिंगमध्ये आहे की नुसत्या वायफायमध्ये, हे घरबसल्या बऱ्यापैकी ठरवता येतं. त्यासाठी लागतो वायरवाला साधा फोन, एक स्क्रू ड्रायव्हर, जमल्यास दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि एक वही.

लाइनमनला "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं तर तो येऊन दिवे बघून जातो. "रिंग आली की तुटतं, लाइनवर खरखर आहे, परवा मार्जिन अकरा होतं ते आज चार आहे" (मार्जिन म्हणजे काय ते पुढं येईल) असं सांगितलं की खांबावर चढायचं की जमिनीतला सांधा उघडायचा, याचा अर्धा अंदाज त्याला तिथंच येतो. खालची सगळी खटपट त्या एका वाक्यासाठी आहे.

तारेवर नेमकं काय चालतं हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपला आवाज तारेवर ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. एडीएसएल, म्हणजे आपलं हे नेट, त्याच तारेवर, पण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतं. साधारण १३८ किलोहर्ट्झपर्यंत अपलोड, त्याच्या पुढं डाउनलोड, आणि त्याची नवी आवृत्ती एडीएसएल२+ असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. वारंवारता जितकी जास्त तितकी ती वाटेत लवकर विरते. म्हणून लांबच्या घराचा वरचा पट्टा आधी जातो आणि वेग उतरतो. एखादा गंजलेला सांधा आवाजाला चालून जातो, पण डेटाला चालत नाही. "फोन चांगला लागतो, म्हणजे लाइन ठीक आहे" हा समज त्यामुळं फसवा आहे. उलटं मात्र जवळजवळ नेहमी खरं असतं: फोनवरच खरखर असेल, तर नेट नीट चालणार नाही.

आधी दोन दिवस वहीत नोंदवा

नेट कधी तुटलं, त्या वेळी पाऊस होता का, लाइट गेली-आली का, फोन वाजला का, शेजारची मोटर सुरू झाली का, एवढंच लिहायचं. दोन दिवसांत बहुतेक वेळा एक सूत्र दिसतं.

फोनची रिंग वाजताच किंवा रिसीव्हर उचलताच नेट तुटत असेल, तर संशय स्प्लिटरवर, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या छोट्या डबीवर, घ्या, नाहीतर बाहेरच्या एखाद्या सैल सांध्यावर. रिंगच्या वेळी तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी दाब येतो. स्प्लिटर बिघडला असेल, तर तो धक्का सरळ मॉडेमला बसतो. पावसात बिघडतं आणि उघडीप मिळाल्यावर दोन दिवसांनी आपोआप सुधारतं, तर कुठल्या तरी सांध्यात पाणी शिरतंय. ही तक्रार पावसातच करा, कोरड्या दिवशी लाइनमनला काहीच सापडत नाही. दिवा दिवसभर स्थिर, पण रात्री आठ ते अकरा वेग मंद, तर तुमच्या तारेचा दोष नाही. सगळं गाव एकाच वेळी व्हिडिओ बघतंय आणि एक्स्चेंजच्या पुढची वाट भरलीय. आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच मंद होत असेल, तर आधी आपल्या प्लॅनचा ठरलेला डेटा संपलाय का ते बघा. बरेच जण हे शेवटी बघतात.

लाइन ऐकायची कशी

कॉर्डलेस फोन चालणार नाही, त्याचा स्वतःचा आवाज असतो. वायरवाला साधा फोन घ्या. मॉडेम काढून ठेवा आणि हा फोन भिंतीवरच्या रोझेटला, म्हणजे बाहेरची तार जिथं येते त्या पांढऱ्या डबीला, सरळ जोडा. रिसीव्हर उचला, डायल टोन आला की एकच आकडा दाबा, २ चालेल. टोन थांबतो आणि एक्स्चेंजची सूचना सुरू होईपर्यंत काही सेकंद लाइन गप्प असते. ते काही सेकंद कान देऊन ऐका. तीन-चार वेळा करा, एकदा पावसात आणि एकदा रात्री.

काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन बरी आहे. पापड भाजल्यासारखी चरचर-खरखर म्हणजे ओला किंवा हिरवा पडलेला सांधा. सलग घूं असा आवाज म्हणजे दोन तारांपैकी एक कुठंतरी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकलीय, दोन्ही तारांचा तोल गेलाय आणि विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा आवाज आत येतोय. दुसऱ्या कुणाचं बोलणं पुसट ऐकू येत असेल, तर शेजाऱ्याच्या तारांची जोडी आणि तुमची जोडी केबलमध्ये कुठंतरी एकमेकींना लागलीय. दर सेकंदाला एक टिक, घड्याळासारखी, हे वेगळं प्रकरण आहे, त्याच्याकडं पुढं येऊ.

एक फसवी अवस्था लक्षात ठेवा. फोनला डायल टोनच नाही, पण डीएसएलचा दिवा लागलेला आहे आणि नेट कासवाच्या गतीनं चालू आहे. अशा वेळी दोन तारांपैकी एक तुटलेली असते. आवाजाला दोन्ही तारा लागतात, उच्च वारंवारता एका तारेवरूनही कशीबशी सरकते. लोक म्हणतात "नेट आहे, नुसता फोन बंद आहे", आणि तक्रार आठवडाभर रखडते. फोन बंद असल्याची तक्रार त्याच दिवशी करा.

मल्टिमीटर असेल तर डीसी २०० व्होल्टवर ठेवून रोझेटच्या दोन स्क्रूंवर टोकं लावा. सगळे फोन ठेवलेले असताना ४८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, ४५ ते ५२ चालतं. रिसीव्हर उचलल्यावर ते ६ ते १२ वर येतं, हे बरोबर आहे. ठेवलेल्या फोनला ४० च्या खाली किंवा आकडा सारखा खालीवर होत असेल, तर वीज वाटेत गळतेय. शून्य म्हणजे तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या. चालू लाइनवर ओहमचा काटा कधी लावू नका, मीटर जातो. आणि ओल्या हातानं स्क्रू धरू नका, नेमकी त्याच वेळी रिंग आली तर चांगला झटका बसतो.

दोष घरातला की बाहेरचा

ही सगळ्यात कामाची चाचणी आहे, आणि नेमकी हीच टाळली जाते. रोझेटमधून घरात जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवा. वरच्या खोलीतलं एक्स्टेन्शन, जुनी जादा घंटी, दुकानातलं कार्ड मशीन, फॅक्स, सगळं. मॉडेम एक-दीड मीटरच्या नव्या फोन कॉर्डनं रोझेटला थेट जोडा, स्प्लिटरही मध्ये नको. फोन नसला तरी चालेल, एका दिवसाचा प्रश्न आहे. मॉडेमपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल लावा, वायफाय नको. आता दिवसभर चालवून बघा.

नेट सुधारलं तर दोष घरात आहे, लाइनमनची वाट बघायची गरज नाही. एकेक वस्तू परत जोडत जा आणि प्रत्येक वेळी तासभर थांबा. जी जोडल्यावर बिघडेल ती काढून टाका.

घरात बहुतेक वेळा काय सापडतं? पहिलं, स्प्लिटर. त्यावर लाइन, फोन आणि मॉडेम अशी तीन तोंडं असतात, उलटसुलट जोडलेला स्प्लिटरही बऱ्याच घरांत दिसतो. घरातला प्रत्येक फोन त्याच्या फोनच्या तोंडातूनच निघायला हवा. एक जरी फोन स्प्लिटरच्या आधी जोडलेला असेल, तर तो उचलताच नेट तुटणार. स्वस्त वस्तू आहे, संशय आला की बदला. दुसरं, चपटी पांढरी फोन वायर, भिंतीला खिळ्यांनी ठोकत वीस-पंचवीस मीटर नेलेली. तिच्या आतल्या तारांना पीळ नसतो, त्यामुळं ती ॲन्टेनासारखी सगळा गोंधळ गोळा करते. लांब न्यायचंच असेल तर लॅनची कॅट-५ केबल आणा, तिच्यातली निळी आणि निळी-पांढरी अशी एकच पिळाची जोडी वापरा. त्याहून बरं, मॉडेम रोझेटपाशीच ठेवा आणि पुढं लॅन केबल न्या. तिसरं, कुठंही न पोचणारी जुनी तार. एक्स्टेन्शन बंद केलं, फोन काढला, पण तार भिंतीतच जोडलेली राहिली. डेटाचा सिग्नल त्या बंद टोकापर्यंत जाऊन आदळून परत येतो आणि मूळ सिग्नलचे तुकडे करतो. अशी तार रोझेटमधूनच सोडवा.

आणि खुद्द रोझेट. उघडून बघा. आपल्याकडं त्यात लाल मुंग्यांचं घर किंवा कुंभारीण माशीची माती निघाली तर नवल नाही. स्क्रूखालचं तांबं हिरवं-काळं झालं असेल, तर तेवढा तुकडा कापून टाका, एक सेंटिमीटर नवी तार सोला, स्क्रू बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि घट्ट आवळा. तेल, वॅसलीन काही लावू नका, धूळ धरतं. डबी ओल येणाऱ्या भिंतीवर असेल, तर लाकडी पट्टीवर बसवा.

बाहेरून येणारी तार घरात शिरण्याआधी खाली लोंबून परत वर यायला हवी, यू अक्षरासारखी. पावसाचं पाणी त्या खालच्या वळणावरून टपकतं. ती सरळ उतरत आत आली असेल, तर पाणी तिच्यावरून ओघळत थेट रोझेटमध्ये येतं. कौलारू घरात वाशावरून तार आत घेतात तिथं हे हमखास होतं. पाच मिनिटांचं काम आहे, मिरगाच्या आधी करून टाका.

खांबापासून घरापर्यंतची तार खालूनच नीट बघा. फणसाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीवर घासून वरचं आवरण गेलंय का, वानरांनी लोंबकळून ती सैल केलीय का. मध्ये सांधा असेल आणि त्यावर नुसती काळी टेप गुंडाळलेली असेल, तर दुखणं बहुतेक तिथंच आहे. टेपच्या आत पाणी साचतं आणि वाळायला जागाच नसते. अशा जागी यूवाय कनेक्टर लागतो, आत जेली भरलेलं बोटभर बटण असतं. दोन तारा न सोलता आत सरकवायच्या आणि पक्कडीनं दाबायचं, जेली पाणी येऊ देत नाही. लाइनमनकडं असतोच, आवर्जून मागा. शक्य असेल तर सांधाच काढून अखंड तार टाकून घ्या. फोनची तार विजेच्या तारेला टेकलेली दिसली, तर मात्र तिला किंवा मॉडेमलाही हात लावू नका. हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, आणि एक्स्चेंजला लगेच कळवा.

खांबावरच्या डीपीला हात लावायचा नाही. शब्दानंही इथं घोटाळा होतो: गावात डीपी म्हटलं की लोक विजेचा ट्रान्सफॉर्मर समजतात. फोनवाल्यांची डीपी म्हणजे खांबावरची लहान डबी, जिथं जमिनीतली केबल संपते आणि घरांच्या तारा निघतात. तक्रार सांगताना "फोनच्या खांबावरची डीपी" असंच म्हणा. तिचं झाकण उघडं लटकत असेल तर फोटो काढून ठेवा.

मॉडेमच्या आतले आकडे

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, आकडे आणि टिंबं इंग्रजी कीबोर्डवरून. नाव-पासवर्ड मॉडेमच्या खालच्या लेबलवर असतो, बऱ्याच जुन्या मॉडेमना दोन्ही ॲडमिन. स्टेटस किंवा डिव्हाइस इन्फोमध्ये डीएसएल किंवा स्टॅटिस्टिक्सचं पान शोधा. तिथं चार गोष्टी बघायच्या.

एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती डोकं काढून आहे, डेसिबलमध्ये. डाउनस्ट्रीमचा आकडा १० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. ६ ते १० मध्ये चालतं, पण पावसात डगमगतं. ६ च्या खाली तुटत राहणार. हा आकडा दिवसातून तीनदा लिहा: सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊनंतर. रात्री दोन-तीनानं उतरणं स्वाभाविक आहे, कारण अंधार पडल्यावर मध्यम लहरींची लांबची रेडिओ केंद्रंही जोरात पोचतात आणि ती याच पट्ट्यात असतात. धारवाड आकाशवाणीची ७६५ किलोहर्ट्झ ही वारंवारता बघा, डाउनलोडच्या ऐन मध्यात आहे. तोल सांभाळलेल्या, पिळाच्या जोडीला याचा फारसा त्रास होत नाही. तोल गेलेल्या लाइनला होतो.

ॲटेन्युएशन म्हणजे सिग्नल वाटेत किती विरला. हा अंतराचा आकडा आहे, रोज बदलायला नको. ०.५ मिलिमीटरच्या तारेवर ढोबळमानानं किलोमीटरला १३.८ डेसिबल धरतात, म्हणजे ४१ दिसलं तर सुमारे तीन किलोमीटर. यात नजर ठेवायची ती अचानक वाढीवर. कालपर्यंत ४१ होतं आणि आज ४८ झालं, तर एक्स्चेंज काही लांब गेलेलं नाही, वाटेतला सांधा बिघडलाय. हा एक आकडा लाइनमनला दाखवला की पुढचा वाद संपतो.

तिसरी गोष्ट वेग. तो किती मिळू शकतो याचा अंदाजही ॲटेन्युएशनवरूनच येतो. चांगल्या तारेवर एडीएसएल२+ ला एक किलोमीटरवर २० एमबीपीएसच्या पुढं जाता येतं, तीन किलोमीटरवर ८ च्या आसपास, चारवर ४, पाचवर एक-दीड. केबल ०.४ मिलिमीटरची असेल तर याहून कमी. ॲटेन्युएशन ५५ असताना १० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी तारेतून ४ च येणार, जादाचे पैसे वाया. मॉडेमवर दिसणाऱ्या वेगातले १३-१५ टक्के नुसत्या आवरणात जातात, त्यामुळं ४०९६ दिसत असेल आणि चाचणीत साडेतीन हजार आले, तर तो पूर्ण वेग आहे. डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते बहुधा मेगाबाइट असतात. ४ एमबीपीएसची लाइन तिथं अर्ध्या मेगाबाइटच्या आतच दिसते.

चौथी गोष्ट सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी. आकडा आता लिहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा, वजाबाकी करा. दहा-वीस वाढले तर सोडून द्या. हजारांनी वाढत असतील, तर लाइनवर काहीतरी सतत आपटतंय.

लांबच्या, अडखळणाऱ्या लाइनला एक उपाय फार गुणकारी आहे, पण तो मागावा लागतो: वेग कमी करून घ्या. मॉडेम ५ एमबीपीएसवर जुळतो आणि मार्जिन ५ उरतं, मग दिवसातून वीस वेळा तुटतं. एक्स्चेंजला सांगून प्रोफाइल, म्हणजे तिथून बांधून दिलेला वेग, ३ वर आणलं की मार्जिन वर जातं आणि लाइन दिवसेंदिवस तुटत नाही. मुलांचा ऑनलाइन तास असो की बँकेचं काम, न तुटणारे ३ तुटणाऱ्या ५ पेक्षा कितीतरी बरे. सोबत इंटरलीव्हिंग चालू करायला सांगा. त्यानं थोडा उशीर वाढतो, पण क्षणभराचे झटके पचतात. २ च्या खाली मात्र उतरू नका, २०२३ पासून आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस लागतात. मॉडेममध्ये मोड बदलायची सोय असेल, तर चार किलोमीटरच्या पुढं एडीएसएल२+ ऐवजी जुना जी.डीएमटी मोड लावून बघा. वरचा पट्टा तसाही तिथवर पोचत नाही, आणि जुन्या मोडवर लाइन कधीकधी जास्त शांत राहते.

झटका मशीन आणि मोटर

आता ती दर सेकंदाची टिक. खानापूर तालुक्यात गवे, रानडुकरं, कधी हत्ती यांच्यापासून भात-ऊस वाचवायला सौर कुंपण लावतात. त्याचं झटका मशीन दर सेकंद-सव्वा सेकंदाला एक उच्च दाबाचा ठोका तारेत सोडतं. कुंपण नीट असेल तर फोनला त्रास नसतो. पण पावसात गवत वाढून तारेला टेकलं, इन्सुलेटर फुटला किंवा मशीनचं अर्थिंग सुकलं, की ठोका जागोजाग जमिनीत उतरतो आणि शेजारून जाणाऱ्या फोनच्या तारेत शिरतो. फोनवर टिक, मॉडेमवर सीआरसी.

मालकाला विनंती करून दहा मिनिटं मशीन बंद ठेवा. टिक थांबली तर खात्री झाली. उपाय त्याच्याही फायद्याचा आहे, कारण गळणारं कुंपण जनावरालाही अडवत नाही. तारेखालचं गवत काढायचं, फुटके इन्सुलेटर बदलायचे, मशीनचा अर्थ रॉड ओलसर जागी आणि घराच्या किंवा फोनच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर ठोकायचा. कुंपण फोनच्या तारेला समांतर लांबवर जात असेल, तर त्याची बाजू बदलायची. ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

थ्री फेज आली की विहिरींवरच्या मोटरी एकदम सुरू होतात. त्याच मिनिटाला नेट तुटत असेल, तर दोन शक्यता: स्टार्टरचा ठोका लाइनमध्ये शिरतो, किंवा घरातला व्होल्टेज खाली बसतो आणि मॉडेमच स्वतः बंद होऊन सुरू होतो. दिव्यांवरून ओळखा. पॉवरसकट सगळे दिवे विझून पुन्हा लागले तर दोष विजेचा, नुसता डीएसएल लुकलुकला तर गोंगाटाचा. विजेचा असेल तर मॉडेमचा अडॅप्टर तपासा. १२ व्होल्टचा अडॅप्टर चालू मॉडेमवर साडेदहा दाखवत असेल तर तो म्हातारा झाला.

घरातला गोंगाट शोधायला खिशातला रेडिओ घ्या. मध्यम लहरींवर, ५३० ते ६०० किलोहर्ट्झच्या बाजूला, जिथं केंद्र लागत नाही तिथं लावा आणि घरभर फिरा. स्वस्त एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाईलचा नकली चार्जर, जिथं रेडिओ किंचाळेल तिथून मॉडेम आणि त्याची तार दोन-तीन मीटर लांब ठेवा. मॉडेम फ्रिजवर किंवा इन्व्हर्टरशेजारी कधीच नको.

डीएसएल स्थिर, तरी नेट नाही

इथं तारेचा दोष नाही. इंटरनेटचा दिवा लाल असेल, तर बिल, पासवर्ड किंवा सेटिंग. बीएसएनएलच्या एडीएसएलला व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ आणि पीपीपीओई लागतं. मागचं बारीक रीसेट बटण टाचणीनं दाबण्याआधी हे आणि आपलं युजरनेम लिहून घ्या, नाहीतर चालू असलेलंही जातं. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा आकार) १४९२ आहे का बघा. साइट उघडायलाच वेळ लागतो पण एकदा उघडली की चालते, तर डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) ८.८.८.८ करून बघा.

लॅन केबलवर वेग पूर्ण आणि मोबाईलवर अर्धा, तर दोष वायफायचा. जुन्या घरांच्या दगडी आणि मातीच्या जाड भिंती सिग्नल खातात. मॉडेम उंचावर, घराच्या मध्याकडं आणा, चॅनेल १, ६ किंवा ११ मधला मोकळा निवडा. आणि फोटोंचा बॅकअप बघा. अपलोडला मुळात अर्धा-एक एमबीपीएस असतो. घरातल्या एका मोबाईलनं लग्नाचे फोटो वर चढवायला घेतले की तेवढी वाट भरते, आणि डाउनलोडची पोच परत पाठवायलाही जागा उरत नाही. सगळ्यांचं नेट बसतं. बॅकअप रात्री उशिरावर टाका.

तक्रार अशी करा

सगळं घरातलं सोडवून, मॉडेम थेट रोझेटला लावूनही दोष राहिला, तर तो बाहेरचा आहे आणि तुम्ही आकड्यांसह सांगू शकता. आधी फोनच्या खरखरीची तक्रार नोंदवा, मग नेटची. आवाजाचा दोष यंत्रावर लगेच दिसतो. समोरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर "फोनन्याग खरखर सप्पळ बराकत्तैत्री, कंप्लेंट नंबर कोडरी" (फोनमध्ये खरखर आवाज येतोय, तक्रारीचा नंबर द्या) एवढं पुरतं. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, वहीत तारखेसह लिहा. लाइनमन आला की चहा द्या आणि नेमकं मागा: पिलरपासून (रस्त्याकडेच्या केबलच्या पेटीपासून) डीपीपर्यंतची जोडी तपासून दुसरी मोकळी चांगली जोडी द्या, टेपचे सांधे काढून यूवाय लावा, एक्स्चेंजात पोर्ट बदलून बघा. त्याच्याकडून लूप रेझिस्टन्स, म्हणजे दोन्ही तारांचा मिळून रोध, मोजून घेता आला तर घ्या, एक्स्चेंजकडचं टोक सोडवून आणि एका टोकाला दोन्ही तारा जोडून. ०.५ मिलिमीटरला जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे १७५ ओहम, ०.४ ला सुमारे २७५. अंतराच्या हिशोबापेक्षा आकडा बराच जास्त आला, तर वाटेत सांधा कुजलाय.

मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणं कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, त्याला फी नाही. डॉकेट नंबर तिथं लागतो. रस्ता किंवा नळाच्या पाइपसाठी जेसीबी आला आणि एका गल्लीतल्या सगळ्यांचे फोन एकदम गेले, तर प्रत्येकानं वेगळी तक्रार करा आणि पंचायतीला खोदाईची जागा दाखवा. बुजवण्याआधी केबल सापडली तर काम एका दिवसाचं, नंतर महिन्याचं.

वळीव आणि पुढची सोय

एप्रिल-मे महिन्यात वळवाचे ढग जमले की मॉडेमची विजेची पिन काढतात आणि फोनची तार तशीच ठेवतात. आकाशातली वीज बऱ्याच वेळा फोनच्या तारेतूनही येते. दोन्ही काढा, शिवाय कॉम्प्युटरची लॅन केबलही, आणि गडगडाट कानावर यायच्या आधीच. गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावायचा नाही, मॉडेम गेला तर जाऊ द्या.

ॲटेन्युएशन ६० च्या वर आहे, जोडी बदलून झाली, सांधे नवे झाले, तरी मार्जिन वर येत नाही, अशा ठिकाणी तांब्याची तार आणखी काही देणार नाही. गावात पंचायतीपर्यंत फायबर आलं असेल, तर जोडणी मागा. तिथं ना पाण्यानं खरखर, ना झटका मशीनची टिक. तपासायचा आकडा एकच: घरात पोचणारा प्रकाश उणे ८ ते उणे २५ डीबीएमच्या मध्ये असावा, उणे २७ म्हणजे काठावर. जोडणाऱ्या माणसाला मीटर लावून दाखवायला सांगा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. एक गोष्ट मात्र हातची जाते. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून लाइट गेली तरी तो वाजतो. फायबरवरचा फोन लाइट गेली की मुका होतो. म्हणून मॉडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्यायचा विचार असेल, तर अॅम्पियर थोडे जास्तीचे, दोनच्या आसपासचे घ्या. पुढं फायबरचा डबाही १२ व्होल्टचाच आला तर तोच यूपीएस त्यालाही पुरेल. जोडण्याआधी डब्यामागचे व्होल्ट आणि पिनची जाडी तेवढी बघा.